डॉ. झाकिर हुसैन: जामिया जगवणारे, वर्ध्यात स्पष्ट बोलणारे शिक्षणतज्ज्ञ

डॉ. झाकिर हुसैन म्हटलं की आपल्याला देशाचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती आठवतात. पण राष्ट्रपतीपदावर ते जेमतेम दोन वर्षं होते. त्याआधीची तब्बल तीस वर्षं त्यांनी जामिया आणि अलीगढ या दोन संस्था सांभाळल्या. आपण त्याबद्दल फार कमी बोलतो.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादेत झाला. घराणं मूळचं कायमगंजचं, पठाण. आई-वडील लहानपणीच गेले. इटाव्याची शाळा करून ते अलीगढच्या कॉलेजात आले. १९२० मध्ये असहकाराची हाक आली, तेव्हा काही विद्यार्थी-शिक्षकांनी सरकारी मदतीवरचं ते कॉलेज सोडून जामिया मिल्लिया इस्लामिया उभी केली. झाकिर साहेब त्यांच्यातलेच. पुढे ते बर्लिनला गेले आणि १९२६ मध्ये अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतले.

तोवर खिलाफत चळवळ संपली होती आणि जामियाचा पैसा आटला होता. संस्था दिल्लीत करोलबागेत हलवली होती, ती बंद करायचीही चर्चा होती. अशा वेळी २९ वर्षांच्या या तरुणाने कुलगुरूपद घेतलं. सोबत आबिद हुसैन आणि मुहम्मद मुजीब हे बर्लिनचे मित्र होते. १९२७ च्या अखेरीस हकीम अजमल खान वारले आणि मोठा आधार गेला. तेव्हा शिक्षकांनी शपथ घेतली: वीस वर्षं इथेच शिकवायचं, महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घ्यायचा नाही. १९३५ मध्ये ओखल्याच्या नव्या इमारतीची पायाभरणी कुणा नेत्याच्या नाही, तर जामियातल्या सर्वात लहान विद्यार्थ्याच्या हातून झाली.

शिक्षणधोरणातलं त्यांचं मोठं काम मात्र आपल्या वर्ध्यातलं. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद बोलावली. मुलांच्या हस्तउद्योगातून शाळेचा खर्च निघावा, असं गांधीजींचं म्हणणं. झाकिर साहेबांनी समोरच शंका काढली: कमाईवर भर दिला तर मास्तर गरीब पोरांकडून राबवून घेतील, शिकवणं बाजूला राहील. तरीही समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलं! सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून, हा त्या अहवालाचा गाभा. उर्दू, मराठी की इंग्रजी माध्यम, हा वाद आज घराघरात असताना तो अहवाल जुना वाटत नाही.

त्यावर टीकाही झाली. धार्मिक शिक्षणाला जागा नाही म्हणून मुस्लिम लीगने योजनेला विरोध केला. मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या ‘विद्या मंदिर’ योजनेच्या नावावरून समाजात नाराजी होतीच, ती या योजनेलाही भोवली. आपल्याच लोकांचे बोल झाकिर साहेबांना ऐकावे लागले, पण त्यांनी काम सोडलं नाही. १९४६ मध्ये जामियाच्या रौप्यमहोत्सवात नेहरू आणि जिना एकाच मंचावर बसले होते, हे आज अनेकांना खरं वाटणार नाही.

फाळणीच्या दंगलीत जालंधर स्टेशनवर ते मरता मरता वाचले. १९४८ मध्ये त्यांनी अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची सूत्रं घेतली. बरेच शिक्षक-विद्यार्थी पाकिस्तानात गेले होते, विद्यापीठाकडे संशयाने पाहिलं जात होतं. १९५६ पर्यंत त्यांनी ते सावरलं. त्यानंतर बिहारचं राज्यपालपद, उपराष्ट्रपतीपद, १९६३ मध्ये भारतरत्न आणि १९६७ मध्ये राष्ट्रपतीपद.

३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचा इंतकाल झाला. दफन ओखल्यात, जामियाच्या आवारातच झालं.