निवृत्त होणाऱ्यांसाठी चर्च काय करू शकते?

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यातला कामगार साधारण ५८व्या वर्षी निवृत्त होतो. राज्य सरकारी नोकरीतही बहुतेकांसाठी हेच वय. शाल-श्रीफळ मिळते, फोटो निघतात. दुसऱ्या दिवसापासून करायचे काय? छत्रपती संभाजीनगरच्या ख्रिस्ती कुटुंबांत हा प्रश्न चर्चपर्यंतही येतो.

बायबलमध्ये निवृत्ती आहे का?
आहे. 'गणना' पुस्तकाच्या ८व्या अध्यायानुसार लेवी सेवकांनी ५०व्या वर्षी नेहमीच्या सेवेतून मोकळे व्हायचे, पण भाऊबंदांना मदत करत राहायचे. '१ तीमथ्य'च्या ५व्या अध्यायात मंडळीच्या यादीत घ्यायच्या विधवांसाठी किमान ६० वर्षांची अट आहे. मात्र सांभाळण्याची पहिली जबाबदारी मुला-नातवंडांची, असेही तिथेच सांगितले आहे.

चर्च सध्या काय करते?
शहरात कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत (स्थापना १९७७) आहे, तशीच प्रोटेस्टंट चर्चेसही आहेत. थकलेल्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करणे, त्यांना कम्युनियन देणे ही धर्मगुरू व पाळकांची जुनी रीत. कॅथलिकांमध्ये रुग्णांना तेल लावण्याचा संस्कार आहे. तो फक्त मरणाऱ्यासाठी असतो, हा गैरसमज. वार्धक्याने अशक्त झालेल्यांनाही तो घेता येतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व ज्येष्ठांचा दिवस ठरवला.

मग अडचण कुठे?
ही सेवा बहुतांशी अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आहे. नुकताच निवृत्त झालेला, धडधाकट माणूस तिच्यात बसत नाही. पैशाचा प्रश्न वेगळाच. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्या राज्य कर्मचाऱ्याला जुनी पेन्शन मिळते; कारखान्यातल्या कामगाराची भिस्त 'ईपीएस-९५'वर, ज्यात २०१४ मध्ये किमान रक्कम महिना १,००० रुपये ठरली. उपासनेला दोघे एकाच बाकावर बसतात, पण घरखर्चाचे गणित वेगळे असते.

काय करता येईल?
लेवींचा नियम इथे उपयोगी पडतो. निवृत्त शिक्षक, नर्स, बँक कर्मचारी यांनी रविवारी उपासनेनंतर तासभर बसून पेन्शनचे अर्ज, हयातीचा दाखला, औषधांच्या चिठ्ठ्या यांत इतरांना मदत करावी. त्याला वेगळा निधी लागत नाही. एकाचे काम होते, दुसऱ्याचा रिकामा वेळ सत्कारणी लागतो.