शहापूर–मुरबाड : हवाई अंतर व प्रवासवेळ

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील या दोन तालुक्याच्या गावांमध्ये सरळ रेषेत सुमारे 22 किमी अंतर आहे. मुरबाड शहापूरच्या दक्षिणेस, किंचित पूर्वेला येते. दोन्ही ठिकाणी विमानतळ नाही, त्यामुळे ‘हवाई’ हे विशेषण इथे फक्त मोजणीपुरतेच.

हे अंतर अक्षांश-रेखांशांवरून काढतात. दोन्ही गावांच्या अक्षांशांत सुमारे 0.2 अंशाचा फरक आहे आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण 111 किमी. लांबच्या विमानमार्गांवर पृथ्वीची गोलाई हिशेबात घ्यावी लागते. इथे तिच्यामुळे सेंटिमीटरभर फरक पडतो, म्हणजे सोडून दिला तरी चालेल. ताशी 200 किमी वेगाचे हेलिकॉप्टर हे अंतर सात मिनिटांत कापेल. निवडणुकीच्या सभा सोडल्या, तर असा योग या भागात क्वचितच.

याहून कितीतरी जवळच्या ठिकाणांमध्येही नियमित विमानसेवा चालते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण जेमतेम 2.7 किमीचे असून दोन मिनिटांत उरकते. पण तिथे मध्ये समुद्र आहे. शहापूर-मुरबाडच्या मध्ये आहेत त्या भातसा, काळू आणि तिला मिळणारी शाई या नद्या, भातखाचरे आणि झाडीच्या टेकड्या; त्यांवर उपाय पूल आणि रस्ता हाच.

रस्त्याने हे अंतर वाटेनुसार 30 ते 40 किमी भरते. शहापूरहून सापगावजवळ भातसा ओलांडून निघायचे. किन्हवली-सरळगावची वाट लांबची, पण गावे जोडत जाणारी. सरळगावला कल्याण-माळशेज रस्ता (राष्ट्रीय महामार्ग 61) लागला की मुरबाड जवळ आले. स्वतःच्या गाडीने साधारण तासभर लागतो, पावसाळ्यात अधिक. एसटीची दोन्ही गावांत आगारे आहेत; तरी गाडी चुकली, तर पुढचा वेळ रस्त्यावर कमी आणि थांब्यावर जास्त जातो. प्रवासवेळेच्या कोणत्याही तक्त्यात हा ताटकळण्याचा वेळ धरत नाहीत आणि खरी गोम तिथेच आहे.

रेल्वेने जायचे तर आधी कल्याण गाठावे लागते. शहापूरचे स्थानक आसनगाव. तिथून कल्याण सुमारे 32 किमी, लोकलने पाऊण तासाच्या आसपास. पुढे मुरबाडपर्यंत पुन्हा 30 किमीच्या आसपास रस्ता. म्हणजे 22 किमीसाठी साठाहून अधिक किमीचा वळसा, तरीही गाड्या वरचेवर मिळतात म्हणून अनेकांना तोच भरवशाचा वाटतो.

या विसंगतीचे मूळ घाटवाटांत आहे. जुनी वाहतूक कल्याणकडून घाटमाथ्याकडे जाई : एक वाट थळघाटाने नाशिककडे, दुसरी माळशेजने जुन्नरकडे. शहापूर पहिल्या वाटेवर, मुरबाड दुसऱ्या. लोहमार्गाने पहिली वाट धरली. 1860 मध्ये तो आसनगावला, 1861 मध्ये कसाऱ्याला आणि 1865 मध्ये घाट चढून इगतपुरीला पोहोचला. मुरबाडच्या वाट्याला रूळ आले नाहीत. दोन्ही वाटा कल्याणला मिळतात, म्हणून बाजार, महाविद्यालय, मोठे रुग्णालय यांसाठी दोन्ही तालुक्यांची नजर तिकडेच राहिली आणि एकमेकांकडे जाणारा आडवा रस्ता दुय्यम ठरला.

शहापूर–मुरबाड–कर्जत–खोपोली हा राष्ट्रीय महामार्ग 548अ याच आडव्या दिशेचा आहे. मुरबाडकरांची जुनी मागणी मात्र कल्याण-मुरबाड रेल्वेची. ती गाडी सुरू झाली तर मुरबाडहून मुंबई जवळ येईल. शहापूरला जाणाऱ्याला तेव्हाही कल्याणलाच गाडी बदलावी लागेल.