जनावराची किंमत आणि उपचाराचा खर्च

१९४८ साली जबलपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा हे शहर मध्य प्रांत व वऱ्हाडात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. खुद्द नागपुरात असे महाविद्यालय निघण्यास १९५८ साल उजाडावे लागले. जबलपूरमध्येच २००९ साली मध्य प्रदेशाचे पशुवैद्यकीय विद्यापीठ स्थापन झाले. हिंगोली जिल्ह्यातील कडोळी येथे जन्मलेल्या नानाजी देशमुखांचे नाव त्यास देण्यात आले आहे.

महाविद्यालयाच्या आरंभीच्या काळात पशुवैद्यकापुढे येणारा रुग्ण प्रामुख्याने बैल, गाय किंवा म्हैस असे. बुळकांडी, घटसर्प यांसारख्या साथीत गोठा रिकामा होई आणि शेतकऱ्याचे भांडवलच नाहीसे होई. म्हणून शासनाने दवाखाने उघडले, लसीकरण हाती घेतले. दीर्घ मोहिमेनंतर २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला.

विम्याचा विचारही याच वाटेने झाला. २००५-०६ मध्ये केंद्र शासनाने निवडक १०० जिल्ह्यांत पशुधन विमा योजना प्रायोगिक स्वरूपात आणली. निम्मा हप्ता शासन भरत असे. विमा जनावराच्या बाजारभावाइतका आणि भरपाई त्याच्या मृत्यूनंतर. ओळखीसाठी कानात बिल्ला. आजारपणाचा खर्च या हिशेबात नव्हता, कारण तो भार मुख्यतः सरकारी दवाखान्यावर होता.

पाळीव कुत्र्याच्या बाबतीत हा हिशेब उलटा होतो. रस्त्यावरून घरी आणलेल्या देशी पिल्लाला बाजारभाव नसतो. पण त्याला पार्व्हो झाला, तर खर्च जातिवंत पिल्लाइतकाच येतो. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू आतड्याचे अस्तर नष्ट करतो आणि पांढऱ्या पेशी घटवतो. त्यामुळे शिरेतून द्रव, प्रतिजैविके, रक्ततपासणी आणि कित्येक दिवसांची शुश्रूषा लागते. येथे मृत्यूची भरपाई निरुपयोगी ठरते; मालकाला हवी असते ती उपचाराची ऐपत.

स्वीडनमध्ये घोडे व गुरांचा विमा १८९० साली निघाला आणि कुत्र्याचा १९२४ साली. ब्रिटनमध्ये पाळीव प्राण्यांचा विमा १९४७ साली आला. भारतात बजाज अलियांझने २०२० साली कुत्र्यांसाठी शस्त्रक्रिया व रुग्णालयातील उपचारांचा खर्च देणारी योजना आणली. अशा विम्यातून आधीपासूनचा आजार सहसा वगळलेला असतो. हप्ता भरल्यावरही काही दिवसांचा प्रतीक्षाकाळ असतो. लसीकरणाची नोंदही बहुधा मागितली जाते. म्हणजे पिल्लू आजारी पडल्यावर विम्याचा दरवाजा बंद झालेला असतो.

मग तपासणीच्या टेबलापाशी उपचार चालू ठेवावेत की थांबवावेत, हा निर्णय रोगापेक्षा मालकाच्या खिशावर ठरू लागतो. गोठ्यातील भांडवल राखण्यासाठी घडलेल्या पशुवैद्यकशास्त्रापुढे आज बाजारात मोल नसलेला रुग्णही आहे, आणि त्याचा खर्च कोणी उचलावा, याची घडी आपल्याकडे अजून बसायची आहे. तोवर वेळेवर दिलेली लस हेच त्याचे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे.