हिशेबी माहितीचे वापरकर्ते

कंपनीचा ताळेबंद, नफा-तोटा पत्रक व रोख प्रवाह विवरण पाहून तिच्याविषयी निर्णय घेणाऱ्या व्यक्ती व संस्था. संयुक्त भांडवली कंपन्यांत मालकी भागधारकांकडे आणि कारभार संचालकांकडे गेल्याने हिशेब उघड करण्याची गरज निर्माण झाली. ब्रिटनमध्ये १८४४ च्या कायद्याने भागधारकांपुढे ताळेबंद मांडणे आवश्यक केले. भारतात कंपनी अधिनियम, २०१३ नुसार वित्तीय विवरणे सर्वसाधारणपणे वार्षिक सभेच्या २१ दिवस आधी भागधारकांना पाठवावी लागतात व सभेनंतर ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे दाखल करावी लागतात [→ कंपनी कायदा].

भागधारक लाभांश व भागाचे मूल्य पाहतात. बँकेला नफ्याइतकीच रोख महत्त्वाची, कारण कर्जाचा हप्ता रोखीतून फिटतो. खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा ती माल व येणी यांवरून ठरवते. माल पुरवणारा उधारीची मुदत, तर आयकर विभाग करपात्र उत्पन्न तपासतो.

कामगारांचा संबंध अनेकदा दुर्लक्षिला जातो, पण तो थेट आहे. मुंबईच्या गिरण्यांतील बोनस तंट्यात श्रमिक अपील न्यायाधिकरणाने १९५० मध्ये सूत्र घालून दिले : ढोबळ नफ्यातून घसारा, यंत्रांच्या पुनर्स्थापनेची तरतूद, प्राप्तिकर, भरणा भांडवलावर ६ टक्के आणि खेळते भांडवल म्हणून वापरलेल्या राखीव निधीवर त्याहून कमी दराने परतावा वजा करून उरलेल्या रकमेतून बोनस. घसारा जास्त धरला, तर ही शिल्लक घटे. त्यामुळे त्या आकड्याची छाननी युनियनच्या दृष्टीने कळीची ठरली. १९६५ च्या बोनस अधिनियमाने किमान ४ (पुढे ८.३३) व कमाल २० टक्के दर ठरवले [→ बोनस, लेखापरीक्षण].