सुभेदार रामजी सकपाळ : एका पेन्शनर पित्याचे पुण्यस्मरण

पुत्राची कीर्ती फार मोठी झाली म्हणजे पित्याचे नाव तिच्या तेजात लोपून जाते, असा अनुभव इतिहासात वारंवार येतो. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्याविषयी असेच घडले आहे. बाबासाहेबांचे नाव भक्तिभावाने घेतले जात नाही असे घर आपल्या समाजात सापडणे कठीण. परंतु ज्या निवृत्त सुभेदारांनी आपले अवघे पेन्शन मुलाच्या विद्येसाठी वेचले, त्यांच्या चरित्राकडे आपले लक्ष क्वचितच जाते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

सकपाळ घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडजवळील आंबडवे गावचे. रामजींचे वडील मालोजी हेही फौजेत होते. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपायांचा भरणा मोठा असे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगाव येथे झालेल्या लढाईत कामी आलेल्या महार वीरांची नावे तेथील जयस्तंभावर कोरलेली आहेत. गावात ज्यांना सार्वजनिक पाणवठा वर्ज्य होता, त्यांना पलटणीत हुद्दा मिळे, मान मिळे. परंतु या सर्वांहून मोलाची एक गोष्ट लष्कराच्या छावणीत मिळत असे, ती म्हणजे शाळा. शिपायांच्या मुलामुलींसाठी छावणीत शिक्षणाची सोय होती, आणि त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला अक्षरओळख होण्याचे दुसरे द्वार जवळजवळ नव्हतेच.

या द्वारातून रामजी आत गेले आणि पुढे इतरांना हात धरून आत नेणारे झाले. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून १४ वर्षे काम केले. ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकर या फौजी घराण्यातील भीमाबाई या त्यांच्या पत्नी. सुभेदारांचे वास्तव्य महू छावणीत असताना १४ एप्रिल १८९१ रोजी या दांपत्याचे चौदावे अपत्य जन्मास आले, तेच भीमराव. या चौदांपैकी अनेक मुले लहानपणीच गेली. बळराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा व तुळसा एवढीच हाती लागली.

पुढे सरकारच्या धोरणाने पलटी खाल्ली. काही जाती तेवढ्या लढवय्या, असा सिद्धान्त इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी पुढे केला आणि १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी रक्त सांडले त्यांच्या नातवंडांना छावणीचा दरवाजा लागला, आणि दरवाज्याबरोबर शाळाही गेली. या अन्यायाविरुद्ध निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज तयार केला. सुभेदार रामजींनीही या कामी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेतल्याचे चरित्रकारांनी नमूद केले आहे. अर्जविनंत्यांना तेव्हा यश आले नाही. मात्र भरती बंद झाली तरी आपल्या घरातील शाळा बंद होऊ द्यायची नाही, हा निश्चय सुभेदारांनी केलेला दिसतो. त्यांच्या पुढील आयुष्याचा अर्थ आम्हांस या निश्चयातच दिसतो.

निवृत्तीनंतर दापोली व मग सातारा असे त्यांचे बिऱ्हाड हलले. साताऱ्यास भीमाबाई निवर्तल्या. भीमराव तेव्हा अगदी लहान होते. सुभेदारांच्या भगिनी मीराबाई यांनी पोरक्या मुलांवर मायेची पाखर घातली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. सुभेदार त्या काळात खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. १९०१ साली त्यांना भेटावयास निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरली; पत्राचा घोटाळा झाल्याने घ्यावयास कोणी आले नव्हते. जात कळताच गाडीवान मिळेना, आणि वाटेत रात्रभर कोणी पाणी दिले नाही. सरकारी नोकराची, नीटनेटक्या कपड्यांतील ही मुले होती. पित्याचा हुद्दा मुलांची तहान भागवू शकला नाही.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस आले. परळच्या चाळीत एकच खोली. त्यातच चूल, त्यातच सरपण, त्यातच अभ्यास. पेन्शन मासिक ५० रुपये. सुभेदार स्वतः जागे राहत आणि पहाटे दोनला मुलाला अभ्यासास उठवीत, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून पाठ करवून घेतली. मुलाने एखादा ग्रंथ मागितला आणि हाती पैसा नसला म्हणजे ते विवाहित मुलींच्या घरी जात, दागिना मागून आणून गहाण टाकीत आणि पेन्शन हाती येताच सोडवून परत करीत. मुली तो दागिना देत असत, हेही विसरता कामा नये. बाबासाहेबांच्या विद्येत मीराबाई, मंजुळा व तुळसा यांचा वाटा आहे.

सुभेदार कबीरपंथी, निर्व्यसनी व शिस्तीचे कडक. मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणून लोकांनी सभा भरविण्याचे ठरविले, तेव्हा पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून त्यांनी प्रथम नकार दिला; कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या शब्दाखातर ते राजी झाले. त्यांनी दुसरा विवाह केला याचे भीमरावांना दुःख झाले होते. थोरांच्या घरीही असे रुसवे असतात. चरित्र लिहिताना ते झाकून ठेवू नयेत.

१९१३ च्या प्रारंभी भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तेथे मुलाचा अवमान होईल या भयाने सुभेदारांचे मन त्यास तयार नव्हते. थोड्याच दिवसांत ते अत्यवस्थ असल्याची तार गेली. परतताना वडिलांसाठी मिठाई घेण्यास भीमराव सुरतेस उतरले आणि गाडी चुकली. ते पोहोचले तेव्हा अखेरची घटका जवळ आली होती. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांनी देह ठेवला. मुलाची परदेशातील विद्या त्यांना पाहावयास मिळाली नाही. १९४१ साली उभी राहिलेली महार रेजिमेंटही नाही. परंतु १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा बाबासाहेबांनी तो आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या कष्टांची कृतज्ञतेने नोंद केली.

आपल्या समाजात फौजेतून आलेली घरे थोडी नाहीत. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची डिस्चार्जची पत्रे, पदके, पेन्शनची पुस्तके असतील त्यांनी ती वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नयेत, अशी आमची विनंती आहे. आणि त्या पेन्शनातून घरात काय आले, कोणाचे शिक्षण झाले, कोणाचा दागिना गहाण पडला, हे घरातील वृद्ध स्त्रियांना विचारून लिहून ठेवावे. सुभेदारांच्या घरची हकीकत आपणांस ठाऊक झाली, ती कोणीतरी सांगितली व कोणीतरी लिहून ठेवली म्हणूनच.