मामाचा प्रश्न आणि दहा तास

जुलैतल्या एका शुक्रवारी रात्री ठाण्याहून रत्नागिरीची गाडी पकडली. लॅपटॉप सोबत होताच, कारण त्या आठवड्यात माझी ऑन-कॉल ड्युटी होती. (आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. काही बिघडलं नाही तर काम शून्य, पण झोपही शून्य.) करंजाडी मागे पडलं आणि गाडी रांगायला लागली. बाहेर धो धो पाऊस. दाराशी उभा होतो, तर रुळाच्या कडेला रेनकोट घातलेला एक माणूस हातात दिवा धरून गाडीकडे बघत उभा दिसला. दोन सेकंदांत अंधारात गेलासुद्धा.

गाडी तीन तास लेट. मामा स्टेशनवर ताटकळून वैतागलेला. घरी चहा घेताना मी त्या माणसाचं सांगितलं, तर म्हणाला, "अरे, एवढी यंत्रं बसवलीत म्हणे, पाऊस मोजायचं, वारा मोजायचं. मग ही माणसं कशाला फिरवतात रात्रभर? फुकट पगार!"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. नंतर वाचत गेलो, आणि उत्तर बरंच मागे सापडलं.

रेल्वेत कामाचे तास ठरवणारे नियम 1931 पासून आहेत. त्यात एक मजेशीर वर्ग आहे, 'इसेन्शियली इंटरमिटंट'. म्हणजे ज्याच्या ड्युटीतला निम्मा किंवा जास्त वेळ नुसता वाट बघण्यात जातो तो. फाटकावरचा गेटमन हे नेहमीचं उदाहरण. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांनी 1947 च्या निवाड्यात आठवड्याचे तास ठरवले: अति ताणाच्या कामाला 45, सलग कामाला 54, आणि या वाट बघणाऱ्यांना 75! वाट बघणं म्हणजे अर्धंमुर्धं काम, असा हा हिशेब. आमच्या मामाचाही तोच.

इंजिन ड्रायव्हरांचं (आता लोको पायलट म्हणायचं, आणि गार्डला 2022 पासून ट्रेन मॅनेजर. नावं बदलणं स्वस्त पडतं.) दुखणं जरा वेगळं. त्यांचे तास सरासरीने मोजले जात, त्यामुळे एकेका फेरीत 14 तासांच्या वर ड्युटी सर्रास व्हायची. वाफेचं इंजिन होतं तेव्हा त्याला पाणी लागायचं, आग साफ करावी लागायची. इंजिन थांबलं की माणसालाही जरा दम खाता यायचा. डिझेल आलं आणि इंजिनाची दमछाक संपली. माणसाची नाही. शिवाय कोळसा टाकणारे फायरमन लागेनासे झाले, म्हणजे केबिनमधली माणसं कमी आणि धाव लांब. प्रगती झाली यात वाद नाही, पण तिचा थकवा कोणाच्या खात्यावर गेला ते बघा.

1973 मध्ये ऑल इंडिया लोको रनिंग स्टाफ असोसिएशनने मे आणि ऑगस्टमध्ये असे दोन संप केले. ऑगस्टच्या संपानंतर रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांनी ड्युटीवर हजर झाल्यापासून सुटेपर्यंत 10 तासांची मर्यादा मान्य केली. प्रत्यक्षात ती नीट आलीच नाही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: 8 मे 1974, जॉर्ज फर्नांडिस, देशभरातले लाखो रेल्वे कामगार. खुद्द जॉर्जना 2 मे रोजीच लखनौत अटक झाली होती. हजारो तुरुंगात गेले, क्वार्टर्समधून बायकामुलांना बाहेर काढलं, आणि 27 मे रोजी संप मागे घ्यावा लागला.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मागण्यांच्या यादीत वरचा नंबर पैशांचा होता. बोनस, महागाई भत्ता, पगार. लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. पण त्याच यादीत आठ तासांचा दिवस होता, आणि मला तीच मागणी प्रवाशांच्या सगळ्यात जवळची वाटते. झोप न झालेला ड्रायव्हर हा काही फक्त ड्रायव्हरचा प्रश्न नसतो, मागे बसलेल्या हजार लोकांचाही असतो.

रत्नागिरीशी याचा संबंध काय? तर आहे, आणि चांगलाच आहे. 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले मधु दंडवते, राजापूरचे खासदार. दुसऱ्या वर्गाच्या फळीवर फोम घातला म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण त्याआधी त्यांनी 1974 च्या संपात काढून टाकलेल्यांना परत कामावर घेतलं होतं. पुढे डिसेंबर 1989 मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री. 1990 च्या जुलैत कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं. म्हणजे ज्याने रेल्वे बंद पाडली आणि ज्याने बंद पाडणाऱ्यांना परत घेतलं, त्या दोघांनी मिळून आपल्या दारात रेल्वे आणली. मामा दंडवत्यांचा भक्त आहे, त्यामुळे हे त्याला फोनवर सांगताना मला जरा जास्तच मजा आली.

ही रेल्वे डोंगर कापून काढलेली. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी तिच्यावर गेली, पन्नासहून अधिक माणसं गेली. वर्षाच्या आत, 16 जून 2004 ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस. त्यानंतर जाळ्या आल्या, उतार कापले, पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आलं, मुसळधार पावसात ताशी 40 किलोमीटरची मर्यादा आली. रत्नागिरीत, विलवड्याला पर्जन्यमापक आहेत, पानवलच्या पुलावर वारा मोजायचं यंत्र आहे. आणि एवढं असूनही पावसाळ्यात सहाशेहून अधिक माणसं मार्गावर गस्त घालतात. कारण पर्जन्यमापक पाऊस किती पडला ते सांगतो. अमुक कटिंगमधला अमुक दगड काल होता तसाच आहे का, हे त्याला कसं कळणार? ते रोज तिथून चालत जाणाऱ्याला कळतं. 14 जुलै 2024 ला दिवाणखवटीजवळ दरड आली, वाहतूक जवळपास 24 तास बंद राहिली, पण जीव कोणाचा गेला नाही. असल्या दिवसाची बातमी 'प्रवाशांचे हाल' एवढीच होते.

आमच्याकडे सर्व्हर पडला की त्याची तारीख-वेळेसकट नोंद होते. न पडलेल्या सर्व्हरची होत नाही. म्हणून खर्चकपातीची फाईल उघडली की सगळ्यात आधी नजर जाते ती रात्रभर 'काहीच न करणाऱ्या' माणसावर. रेल्वेत याला पद सरेंडर करणं म्हणतात. सहा वर्षांत सुमारे 72 हजार पदं अशी गेल्याच्या बातम्या मे 2022 मध्ये आल्या होत्या. सगळीच अनावश्यक होती का, आवश्यक होती का, हे मी इथे बसून सांगणार नाही. टायपिस्टचं पद गेलं तर कोणी रुळावरून घसरत नाही. पण जून 2024 बघा. 17 तारखेला कांचनजंगा एक्सप्रेसला मालगाडीने मागून धडक दिली. चौकशीत मुख्य दोष निघाला तो सिग्नल बिघडल्यावर दिलेल्या चुकीच्या कागदांचा आणि अपुऱ्या प्रशिक्षणाचा. तरी त्याच आठवड्यात सहाय्यक लोको पायलटच्या भरतीचा आकडा 5,696 वरून एकदम 18,799 झाला. इतकी माणसं कमी आहेत हे त्या आठवड्यातच कळलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

आणि त्याच महिन्यात दक्षिण रेल्वेचे लोको पायलट आंदोलन करत होते. मागणी? सलग दोनपेक्षा जास्त रात्रपाळ्या नकोत, आठवड्याची पुरेशी विश्रांती, आणि 10 तासांची ड्युटी. तीच, 1973 ची.

हे सगळं मामाला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "बरं, पण मग त्या दिवेवाल्याचे तास किती असतात रे?"

परतीच्या गाडीत रात्री मी पुन्हा दाराशी उभा राहिलो. करंजाडीच्या अलीकडे दिवा दिसला. या वेळी मी हात केला. त्याने दिवा जरासा वर उचलला, माझ्यासाठी की गार्डसाठी, कोण जाणे.