चिठ्ठी आणि सोबत

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कामगारवस्तीत समुपदेशकापुढे एक प्रश्न वरचेवर येतो. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला 'एए'च्या सभेला पाठवायचं, ते कसं? आज आपण या पाठवण्याचा इतिहास पाहू.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे 'एए', 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झालं. बिल विल्सन शेअरबाजारातला, डॉ. बॉब स्मिथ शल्यविशारद. दोघेही दारूने गांजलेले. आपण सुटायचं तर दुसऱ्याला हात द्यायचा, हे त्यांना उमगलं. डॉ. बॉबनी इस्पितळात फोन करून विचारलं, असा कोणी रुग्ण आहे का? परिचारिकेने एकाबद्दल सांगितलं. आता बघा, तिने रुग्णाला कुठे धाडलं नाही. हे दोघेच त्याच्या खाटेपाशी गेले.

1939 साली बारा पायऱ्या पुस्तकात आल्या. 1950 साली क्लीव्हलँडच्या अधिवेशनात बारा परंपरा स्वीकारल्या गेल्या. त्यानुसार सभासदत्वाला एकच अट, दारू सोडण्याची इच्छा. बाहेरची देणगी घ्यायची नाही. आणि सभासदाचं नाव बाहेर फोडायचं नाही.

आपल्याकडे 1986 साली डॉ. अनिता (सुनंदा) आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. केंद्रातले दिवस सरतात, माणूस घरी येतो. खरी परीक्षा तिथून पुढे असते: रात्रपाळी सुटल्यावर, पगाराच्या दिवशी.

कारखान्यात सगळं गेटपास, हजेरी आणि सहीवर चालतं. मग 'सभेला गेल्याची सही आणा' असंही सुचतं. पण सही मिळते, इच्छा मिळतेच असं नाही. शिवाय सभेत शेजारच्या लाइनवरचा माणूस भेटू शकतो. नाव फुटलं तर नोकरीची धास्ती.

म्हणून आम्हाला वाटतं, समुपदेशकाने आधी पाळी आणि सभेची वेळ जुळते का ते पाहावं. माणसाला विचारून पहिल्या दिवशी एखादा जुना सभासद सोबत द्यावा. देव न मानणाऱ्याला सांगावं, 'आपल्याहून मोठी शक्ती' म्हणजे ही सभासुद्धा चालते. आणि डॉक्टरांना मधून वगळू नये. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फेफरं येऊ शकतं, प्राणावरही बेतू शकतं.

नुसती चिठ्ठी पुष्कळदा खिशातच राहते. बरोबर कोणी असेल, तर पाऊल उचलतं.